हक्क आणि मुभा

काही आठवड्यांपूर्वी डोंबिवलीत एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता महाराष्ट्राची एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था. वक्ते तयारीचे होते. मुंबई महानगर प्रदेशाचे वार्षिक उत्पन्न १४० अब्ज डॉलरवरून २०३० पर्यंत ३०० अब्ज डॉलरवर नेण्याचा नीती आयोगाचा आराखडा त्यांनी पडद्यावर मांडला. बंदरे, मेट्रो, गोदामे, परवडणारी घरे सगळे ओळीने सांगितले आणि शेवटी म्हणाले, "हे सगळं होण्यासारखं आहे. फक्त राजकारण मध्ये येऊ देऊ नका." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या आसपास बहुतेक निवृत्त मंडळी होती; बँकेतली, विमा कंपनीतली, मंत्रालयातली. ज्यांचे सारे आर्थिक आयुष्य एकेका राजकीय निर्णयावर उभे राहिले, त्यांनीच त्या वाक्याला मनापासून दाद दिली. मला ते फार लागले.

राजकारण म्हणजे अर्थव्यवस्थेच्या वाटेतला धोंडा, तो उचलून बाजूला ठेवला की पाणी आपोआप वाहू लागेल, अशी ही समजूत आहे. ती आजच्या अग्रलेखांत आहे, दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत आहे, गृहसंकुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतही आहे. पण पाणी कोणत्या बाजूला वाहायचे हे ज्या उतारावर ठरते, तो उतार कोणी केला? ते सभागृह ज्या जमिनीवर उभे आहे ती साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणाची होती, कोणत्या कायद्याने ती कोणाकडे गेली, आणि त्या एका व्यवहारातून किती जणांची आयुष्ये घडली किंवा मोडली, हे प्रश्न त्या संध्याकाळी कोणी विचारले नाहीत.

मराठीत हे विचारण्याची परंपरा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या शास्त्रासाठी 'देशव्यवहार' असा सुंदर शब्द वापरला जात होता. त्यात देश होता आणि व्यवहारही होता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थकारणावर दिलेले व्याख्यान आपल्याला ठाऊक असते. इंग्लंडातल्या पुस्तकांनी गृहीत धरलेला सुटा, हिशेबी, हवे तिथे जाऊ शकणारा माणूस इथे नाही, इथला माणूस जातीत, कुळात, रूढीत आणि सरकारी सत्तेत बांधलेला आहे, म्हणून इथले अर्थशास्त्र इथूनच उभे करावे लागेल, असा त्यांचा रोख होता. त्याआधी जोतीराव, त्यानंतर बाबासाहेब. पुढे 'अर्थशास्त्र' हा शब्द रुळला आणि देश हळूहळू गळून पडला. सव्वाशे वर्षांनी आपण रानड्यांच्याही मागे जाऊन उभे राहिलो आहोत.

व्याख्यानानंतर मी मानपाडा रस्त्याने घरी आलो. मानपाडा नावाची दोन गावे ठाणे जिल्ह्यात आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, कापूरबावडीच्या पुढे. दुसरे डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्यावर. दोन्ही मूळची पाड्यांची वस्ती. दोन्हींच्या शेजारी कारखाने आले आणि दोन्हींकडे आज इमारतींची रांग आहे. मेट्रोच्या नकाशावरही दोन्ही मानपाडे आहेत. एक वडाळा-कासारवडवली या चौथ्या मार्गिकेवर, दुसरा कल्याण-तळोजा या बाराव्या मार्गिकेवर. ज्याला देशाची अर्थव्यवस्था समजून घ्यायची आहे त्याने दिल्लीतल्या अहवालाइतकाच वेळ या दोन गावांच्या सातबाऱ्यांना द्यावा, असे मी गांभीर्याने म्हणतो.

सातबाऱ्यापासूनच सुरुवात करू. ठाणे-कुलाब्याच्या खाडीपट्ट्यातला आगरी, कुणबी, कोळी शेतकरी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत राबत होता. भात त्याचे आणि खंड मालकाचा. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सलग सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला. उपासमार सोसली पण नांगर धरला नाही. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला १९४५ मध्ये वारल्यांनी गोदावरी परुळेकरांबरोबर वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. या सगळ्या रेट्यातून १९४८ चा कुळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कायद्याने असे मानले की जमीन कसणारे कूळ हाच तिचा खरेदीदार. एका तारखेला कागदावरची नावे बदलली. एवढी मोठी आर्थिक घटना या जिल्ह्यात त्यापूर्वी घडली नव्हती, आणि माझ्या मते त्यानंतरही घडलेली नाही. हे राजकारणच होते. ते 'मध्ये आले' नसते तर आज कल्याण-शीळ रस्त्यावर ज्यांच्या नावाच्या चाळी, गोदामे, मंगल कार्यालये आणि शाळा दिसतात, त्यांचे नातू आजही कोणाच्या तरी बांधावर उभे असते.

पण त्या कायद्यात एक कलम होते, ४३ वे. कुळाला मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येणार नाही, असे ते कलम सांगे. हेतू चांगला होता. सावकाराने चार पैसे पुढे करून जमीन परत लाटू नये, हा. पण त्याच कलमामुळे मालकाच्या नावापुढे इतर हक्कांच्या रकान्यात एक दोरी बांधली गेली, आणि तिचे टोक कचेरीत राहिले. '३२ म'चे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती दोरी सोडवता येईल, अशी सुधारणा व्हायला २०१४ उजाडले. मधली पाच-साडेपाच दशके ज्याला जमीन विकायची त्याला परवानगी लागे, ज्याला परवानगी लागे त्याला माणूस लागे, आणि तो माणूस म्हणजे आपल्या परिसरातल्या राजकारणाचा आणि बांधकाम धंद्याचा पहिला पूर्वज.

माझे सगळे म्हणणे इथे येऊन थांबते, म्हणून ते नीट मांडतो. राज्यसत्ता माणसाला दोन प्रकारे काही देते. एक हक्क आणि दुसरी मुभा. हक्क म्हणजे जो मागायला कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, आणि नाकारला तर दाद मागता येते. मुभा म्हणजे जी मिळाल्याबद्दल आभार मानावे लागतात आणि जी उद्या काढून घेतली तर तक्रार करायला जागा नसते. दोन्हींतून पैसा निर्माण होतो. दोन्हींतून वाढीचे आकडेही निघतात, आणि त्या आकड्यांवर कोणता रुपया हक्कातून आला आणि कोणता मुभेतून, याचा शिक्का नसतो. पण हक्काचा रुपया आणि मुभेचा रुपया वेगवेगळ्या तऱ्हेने वागतात. हक्क असलेला माणूस वीस वर्षांचा विचार करतो. मुभा असलेला माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंतचा, पुढच्या आयुक्ताच्या बदलीपर्यंतचा विचार करतो, आणि त्याआधी जेवढे उरकता येईल तेवढे उरकतो.

आता ज्या मताने मला वर्षानुवर्षे छळले आहे त्याकडे येतो. ठाणे-डोंबिवलीत कुठेही बसा, औद्योगिक ऱ्हासाची गोष्ट निघाली की एकच उत्तर येते: "युनियननी वाट लावली. दत्ता सामंतांनी कारखाने घालवले." हे इतक्या खात्रीने सांगितले जाते की तिशीतली मुलेसुद्धा, ज्यांनी गेट मीटिंग कधी पाहिली नाही, ते पाठ म्हणून दाखवतात. राजकारण मध्ये आले की अर्थव्यवस्था मोडते या सिद्धांताचा हा आपला घरगुती पुरावा. म्हणून तो तपासलाच पाहिजे.

पहिली गोष्ट, लोक दोन इतिहास एकात मिसळतात. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप मुंबईच्या कापडगिरण्यांचा होता. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्याचा शेवट कसा झाला ते गिरणगावाने भोगले. ठाण्याचे कारखाने निराळे; अभियांत्रिकी, औषधे, रंग, रसायने, लोकर, चॉकलेट. तिथेही संप झाले, टाळेबंद्या झाल्या, सामंतांची युनियनही होती, हे मी नाकारत नाही. काही संप आततायी होते, हेही कबूल. पण संपामुळे बंद पडलेला कारखाना साधारण दोन-चार वर्षांत बंद पडतो. ठाण्याचे बहुतेक मोठे कारखाने सामंतांच्या ऐन भराच्या काळानंतर दहा, वीस, पंचवीस वर्षे चालू होते. आजार १९८२ चा आणि मरण २००९ चे, असे निदान कोणता डॉक्टर करील?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जो गेला असे आपण म्हणतो तो खरेच गेला का? पोखरण रस्त्यावरची रेमंड घ्या. १९२५ सालची लोकरीची गिरणी, १९४४ पासून सिंघानियांकडे. ठाण्याच्या कित्येक घरांतली चूल तिच्यावर पेटली. २००९ मध्ये गिरणीचे धोटे थांबले, आणि २०१९ साली हाच उद्योगसमूह त्याच जागेवर घरे बांधण्याच्या व्यवसायात उतरला. म्हणजे कंपनी ठाण्यातच आहे. तिने माल बदलला. आधी ती जमिनीवर लोकर विणत होती, आता ती जमीनच विकते. याला मी दोष देत नाही. व्यापारी माणूस भाव पाहून माल बदलणारच. पण जो जागा सोडून गेलाच नाही त्याला युनियनने घालवले असे म्हणणे हा निव्वळ आळस आहे. कोलशेतला सँडोझच्या वारशातून आलेल्या क्लॅरियंटच्या जागेवर आज लोढांची अमारा वसाहत आहे. तिथेही प्रश्न एकच: जमिनीखालून असे काय उगवले की तिच्यावर चालणाऱ्या यंत्रांपेक्षा ती स्वतःच जास्त पिकू लागली?

त्याचे उत्तर धोरणात आहे. १९६० ला राज्य झाले, १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याची पहिली वसाहत म्हणून ठाण्याची वागळे इस्टेट उभी राहिली. डोंबिवलीची वसाहतही त्याच दशकातली. सरकारने इथे उद्योग आणला. १९६४ पासून सरकारनेच दुसरी योजना आखली. मुंबई-ठाणे-पुणे सोडून बाहेर जाल तर सवलती. मराठवाडा, विदर्भ, कोकणाच्या मागासपणावरचा तो उपाय होता आणि मला तो योग्यच वाटतो. पण त्याचा अर्थ असा की ठाण्याचा कारखाना चालू ठेवण्यापेक्षा नवा कारखाना लांब उभारणे सरकारच्याच हिशेबाने फायद्याचे झाले. यात युनियन कुठे आहे?

मग आला १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा. शहरात ठराविक मर्यादेबाहेर रिकामी जमीन कोणाला ठेवता येणार नाही, जादा जमीन सरकारकडे जाईल आणि गरिबांची घरे होतील, असे वचन होते. त्याच कायद्यात २० वे कलम ठेवले: सरकारला वाटेल त्याला सूट. कारखानदारांना उद्योगासाठी म्हणून जादा जमीन राखायची मुभा मिळाली. गरिबांचा हक्क कागदावर राहिला, मुभा तेवढी अमलात आली. मुभा असलेली जमीन विकता येत नाही आणि सोडवतही नाही, म्हणून ती पडून राहते, आणि पडून राहिलेल्या जमिनीचा भाव शहर वाढेल तसा चढत जातो. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने आठ वर्षे वाट पाहिली आणि २९ नोव्हेंबर २००७ ला रद्द केला. त्या आठ वर्षांत आणि त्यानंतर घोडबंदर रस्त्यावर कोणती जमीन कधी मोकळी झाली याचा हिशेब मांडला, तर ठाण्याच्या औद्योगिक ऱ्हासाची खरी तारीखवार कथा हाती लागेल. कामगार गेटवर घोषणा देत होता. निर्णय मंत्रालयातल्या फायलीत होत होता.

प्रीमियर मोटार कंपनीचा दाखला माझ्यासमोर नेहमी ठेवला जातो, आणि तो वजनदार आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या त्या कारखान्यातून १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी बाहेर पडत होती. कामगारांचा तंटा पेटला, फ्रेंच भागीदार १९९७ मध्ये निघून गेला. इथे संपाने नुकसान केले, मी मान्य करतो. पण त्याच वर्षांत परदेशी गाड्या देशात एकामागून एक येत होत्या, जुन्या पद्मिनी गाडीच्या जोरावर बसलेल्या कंपनीकडे नव्या यंत्रात ओतायला भांडवल किती होते हाही प्रश्न आहे. आणि कारखाना बुडाला तरी जमीन बुडाली नाही, तिचे सोने झाले. बुडाला तो एकटा कामगार.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यापुढे युनियनचा सिद्धांत साफ कोसळतो. डोंबिवली औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यातले रासायनिक कारखाने बहुतेक छोटे. तिथे कंत्राटी कामगार, युनियन नावालाच. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसे गेली. २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत स्फोट झाला, पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली, मैलभर काचा फुटल्या. मधल्या काळात, २०२० मध्ये, इथला रस्ता रसायनांनी गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री स्वतः पाहायला आले होते. २०२२ मध्ये १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय झाला. हे कारखाने आता जाणार असतील तर त्यांना कोण घालवतो आहे? त्यांच्या भिंतीला भिंत लावून झालेली घरे. वसाहत झाली तेव्हा भोवती शेते होती. मधला मोकळा पट्टा कोणी खाऊ दिला, धुराड्याच्या सावलीत सात मजले कोणाच्या सहीने चढले? मुभेनेच. मुभेने घर आणले, घराने कारखाना घालवला, आणि कारखान्याची जागा उद्या पुन्हा घरांसाठी मोकळी होईल.

इतर मतांबद्दल थोडक्यात. सगळे १९९१ नंतर बदलले, असे म्हणणाऱ्यांनी वरच्या तारखा पुन्हा पाहाव्यात. सगळा भांडवलाचाच खेळ आहे असे म्हणणाऱ्यांना १ एप्रिल १९५७ समजावून सांगता येत नाही. आणि २०२४ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलनंतर सर्वसमावेशक संस्थांचा जो जप चालू आहे, तो बरोबर असूनही फार ढोबळ आहे. महापालिका, न्यायालय, महारेरा या सगळ्या संस्थाच आहेत, प्रश्न त्या हक्क सांभाळतात की मुभा वाटतात हा आहे.

माझ्या म्हणण्यावर एक रास्त आक्षेप येईल. प्रत्येक हक्क जन्मतः मुभाच नव्हता का? कुळकायदाही मतांसाठीच केला नसेल कशावरून? असेलही. पण मुभेचा हक्क होतो तो लोकांनी तो पदरात पाडून घेतल्याने. शीळ फाट्यावरून पुढे नवी मुंबईच्या बाजूला गेले की त्याच आगरी समाजाची दुसरी कहाणी आहे. सिडकोने १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानच्या परिसरात शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा हे तत्त्व पुढे आले. त्या साडेबारा टक्क्यांच्या फायलींचाही बाजार झाला, मध्यस्थांनी वाटे खाल्ले, हे मला ठाऊक आहे. तरीही शहर वाढले की त्या वाढीत आपला हिस्सा आहे असे म्हणायला त्या शेतकऱ्याला आधार मिळाला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीसाठी वीस वर्षे आधी जमीन दिलेल्याला तसा आधार नव्हता. त्याला मोबदला मिळाला आणि विषय संपला. मग उरलेल्या जमिनीवर त्याने चाळ बांधली, चाळीची इमारत केली, परवानगीची वाट पाहिली नाही. त्याला अनधिकृत म्हणणे सोपे आहे. वाढीतला वाटा हक्काने मिळाला असता, तर त्याने तो असा अंधारात घेतला असता का?

सत्तावीस गावांचा प्रश्न मला असाच दिसतो. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ ला झाली तेव्हा ही गावे आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत, २०२० मध्ये अठरा गावे बाहेर काढण्याची अधिसूचना, आणि त्याच वर्षअखेरीस उच्च न्यायालयाने ती रद्द केली. गाव शहरात आहे की नाही, हेच जिथे दर निवडणुकीला नव्याने ठरते तिथे आराखड्याप्रमाणे कोण बांधील? गावकऱ्यांच्या समितीचे नाव सर्वपक्षीय हक्क संरक्षण संघर्ष समिती आहे. त्यांनी शब्द अचूक निवडला आहे, आणि सरकारांनी त्यांना आजवर मुभाच देऊ केली आहे.

हा भेद फक्त जमिनीपुरता नाही. सभागृहातल्या त्या निवृत्त मंडळींच्या पगारपत्रकावर दरमहा दोनशे रुपयांची एक ओळ असे, व्यवसाय कर. हा कर १९७५ साली रोजगार हमी योजनेसाठी बसवला गेला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेला बळ आले, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. डोंबिवलीचा कारकून दुष्काळी माणदेशातल्या बाईच्या मजुरीसाठी पैसे भरत होता, आणि ती बाई कोणाचे आभार न मानता काम मागत होती. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याला तिला त्याहून कमी मजुरीवर राबवणे अवघड झाले. पुढे देशाने २००५ मध्ये त्यावरूनच कायदा केला. आता 'लाडकी बहीण' योजना पाहा. जुलै २०२४ पासून दरमहा दीड हजार. या पैशाला रेवडी म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. त्या दीड हजारात मुलीची फी भरली जाते, औषध येते, नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. पण त्याला कायद्याचा आधार नाही, शासन निर्णयाचा आहे. निवडणूक झाली, पडताळणी सुरू झाली, लाखो नावांचे पैसे थांबले. ज्या बाईचे थांबले ती कोणत्या न्यायालयात जाणार? पैसा खराच आहे, पण तिने त्याच्या भरवशावर शिलाई मशीनचा हप्ता घ्यावा की नाही हे तिला कोणी सांगू शकत नाही.

नोकरीतही तेच. १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरच्या भरतीत परीक्षा देऊन कायम नोकरीला लागलेल्या मुलींनी ही डोंबिवली घडवली. सकाळची लोकल धरणाऱ्या त्या बायकांमुळे इथे पाळणाघरे निघाली, पोळीभाजी केंद्रे निघाली, शिकवण्या निघाल्या. वीस वर्षांचे घरकर्ज घ्यायची हिंमत त्या कायम नोकरीतून आली. एका राजकीय निर्णयाला एका सामाजिक बदलाची जोड मिळाली आणि त्यातून गावाची अर्थव्यवस्था उभी राहिली. त्यांच्या मुली आज अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर काम करतात. पगार कदाचित आईपेक्षा जास्त आहे. घर मात्र आईच्याच नावावर आहे.

आपल्या कुळकायद्याच्याच काळात तैवानने १९५३ मध्ये कसणाऱ्याला जमीन दिली आणि जमीनदारांच्या मोबदल्याचा काही भाग सरकारी कंपन्यांच्या समभागांत दिला, म्हणजे शेतीतला पैसा कारखान्यात गेला. आपल्याकडे प्रवाह उलटा फिरला. कारखान्यातला पैसा जमिनीत गेला. घोडबंदरला तो डोळ्यांनी दिसतो. दर चौरस फुटाचा भाव वाढला की राज्याचे उत्पन्न वाढल्याचे दिसते, मुद्रांक शुल्काची वसुली वाढते, बँकांची घरकर्जे वाढतात, आणि पडद्यावरचा आलेख वर जातो. त्या आलेखातली किती वाढ कोणी काहीतरी बनवल्यामुळे झाली आणि किती कोणाला तरी मुभा मिळाल्यामुळे, हे वेगळे करून दाखवणारा अहवाल मला हवा आहे.

त्याच आलेखात कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतीही आहेत. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून त्यांची महारेरात नोंदणी केली गेली. त्या नोंदणी क्रमांकावर विसंबून लोकांनी घरे घेतली. त्यात रिक्षावाले आहेत, शिक्षिका आहेत, कुरियर कंपनीतली मुले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. न्यायालयाचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण त्या कुटुंबांच्या कपाटातली फाइल उघडून पाहा. करारनामा नोंदलेला आहे. मुद्रांक शुल्क भरल्याची पावती आहे, त्यात मेट्रोसाठीचा एक टक्का अधिभारही आहे. बँकेचे कर्ज मंजुरीचे पत्र आहे, दरमहाच्या हप्त्यांची नोंद आहे. विजेचे बिल नावावर आहे. शासनाने आणि बँकेने घ्यायचे ते सगळे घेतले आहे, आणि आपले घर आपले आहे असे सांगणारा एकही कागद त्या फाइलीत नाही.